चढावर दम सोडणारी गाडी: एका पेट्रोल लाइनची उलटतपासणी

गाडी मामाची. पस्तीसेक वर्षं जुनी, चार सिलेंडर, १३०० सीसीच्या आसपास, कार्बोरेटरवाली, इंजिनाच्या बाजूला लेव्हरवर चालणारा मेकॅनिकल पंप आणि टाकी एकदम मागे डिकीखाली. गाडीला इलेक्ट्रॉनिक्स म्हणून काही नाहीच, त्यामुळे स्कॅनर लावा आणि कोड वाचा हा मार्ग बंद, जे काय शोधायचं ते नाक-कान-डोळे आणि दोन-तीन गेज यांच्यावर.

तक्रार ऐकायला अगदी साधी होती. सकाळी एका सेल्फमधे स्टार्ट, सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं मस्त, आणि मग लांब चढ लागला की अर्ध्या मिनिटात गाडी आचके द्यायला लागायची, पिकअप जायचा, अॅक्सिलरेटर दाबला तर उलट अजून बसायची आणि शेवटी बंद. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की परत स्टार्ट, जणू काही झालंच नाही. हे सहा महिने चाललेलं आणि तेवढ्या काळात प्लग, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, फिल्टर दोनदा, कार्बोरेटरचं किट आणि शेवटी आख्खा पेट्रोल पंप बदलून झाला होता. पंप नवा टाकल्यावर काय झालं तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आधी चढ अर्धा तरी चढायची, आता सुरुवातीलाच बसायला लागली. मामा म्हणाला पंप डुप्लिकेट निघाला. मलाही तेव्हा तसंच वाटलं. खरं तर या सगळ्या भानगडीतला सगळ्यात मोठा धागा तोच होता आणि आम्ही दोघांनी तो हातात येऊन सोडून दिला, त्यावर पुढे येतोच.

पहिला प्रश्न नेहमीचाच, करंट जातोय की पेट्रोल. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू म्हटलं की निम्मे लोक कॉइल म्हणतात आणि ते काही चुकीचं नाही, कॉइल आणि कंडेन्सर गरम झाल्यावर अगदी असंच करतात. पण बंद होण्याची तऱ्हा वेगळी असते. करंट गेला की बहुतेक वेळा गाडी झटक्यात मरते, दिव्याचं बटन बंद केल्यासारखी. पेट्रोल कमी पडलं की ती धडपडते, एकदा पकडते एकदा सोडते, पाय हलका केला की जरा सावरते. मामाला विचारलं तर म्हणाला, "अरे सावरते ना, आणि चोक अर्धा ओढला की अजून दोनेकशे मीटर जाते, मी तसंच वर चढवतो कधीकधी." मी कपाळावर हात मारला. म्हटलं मामा, हे तू मिस्त्रीला सांगितलंस का? तर म्हणे, "त्यात काय सांगायचं, ती माझी ट्रिक आहे."

आता बघा, चोक ओढल्यावर हवा कमी होते आणि कार्बोरेटरच्या गळ्यात ओढ वाढते, म्हणजे मिश्रण पेट्रोलच्या बाजूला झुकतं. पेट्रोल इंजिनाला साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं, वजनाने. चोकने गाडी सुधारत असेल तर ती त्या क्षणी उपाशी आहे हे जवळपास नक्की, कॉइल मेली असती तर चोक ओढून उलट प्लग भिजले असते. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच या एका वाक्यावर करंटवाली अर्धी यादी खोडता आली असती. तरी खात्री म्हणून टायमिंग लाइटची (प्लगला करंट गेला की दर वेळी लुकलुकणारा दिवा) क्लिप एका प्लगच्या वायरला लावली, लाइट बॉनेटच्या फटीतून काचेकडे तोंड करून बांधली आणि संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर चढावर गेलो. गाडी आचके देत होती आणि लाइट मात्र एकसारखी लुकलुकत होती, शेवटच्या फेऱ्यापर्यंत. करंट सुटला कचाट्यातून.

मग गाडी बंद पडल्या पडल्या, म्हणजे दहा मिनिटं न थांबता, एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल एकदम उघडला. तब्येतीत असलेल्या गाडीत कार्बोरेटरमधल्याच छोट्या अॅक्सिलरेटर पंपाची बारीक पिचकारी दिसते. इथे दोन थेंब आणि मग काहीच नाही. म्हणजे फ्लोट बाउल, कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी, रिकामा. ही टेस्ट फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, पण गाडी मेली त्याच क्षणी करायला लागते, गॅरेजमधे नेऊन परत सेल्फ मारेपर्यंत बाउल भरलेला असतो आणि मग मिस्त्री म्हणतो पेट्रोल तर येतंय.

इथे जरा हिशोब करू, कारण तो केल्याशिवाय "अर्ध्या मिनिटात" चा अर्थ लागत नाही. अशा कार्बोरेटरच्या बाउलमधे साधारण ५० मिली पेट्रोल मावतं. आयडलला, म्हणजे पाय न लावता उभ्या जागी चालू असताना, गाडी तासाला लिटरपेक्षा जरा कमीच पिते, ०.८ धरा, म्हणजे सेकंदाला ०.२२ मिली, म्हणजे पंपाने काहीच दिलं नाही तरी गाडी साडेतीन मिनिटांच्या वर उभ्या जागी चालेल. चढावर खालच्या गियरमधे जोर लावून हीच गाडी तासाला दहा-बारा लिटरच्या दराने ओढते, म्हणजे सेकंदाला ३ मिली. पुरवठा पूर्ण बंद झाला तर बाउल सतरा सेकंदात साफ, आणि पुरवठा निम्मा येत असेल तर तीसेक सेकंदात. मामाची गाडी अर्ध्या मिनिटात बसत होती. म्हणजे पेट्रोल थांबत नव्हतं, पुरत नव्हतं. आणि गॅरेजमधे आयडलवर ठेवून "बघा चालतेय की" म्हणणं म्हणजे गरजेच्या पंधराव्या हिश्शावर टेस्ट घेऊन पास करणं.

आता कार्बोरेटरच्या मागे. प्रेशर गेज टी (तीन तोंडांचा जोड) लावून पंप आणि कार्बोरेटरच्या मधे जोडलं. आयडलला ०.२८ बार, म्हणजे ४ पीएसआय. अशा पंपाला ०.२ ते ०.४ मधे काहीही आलं तर ठीक. मग व्हॉल्यूम बघितला, कार्बोरेटरकडची होज काढून पत्र्याच्या मापात सोडली, आणि बाउलमधे उरलेल्या पेट्रोलवर आयडल चालवून मोजलं, ५० सेकंदांत जवळपास अर्धा लिटर. (हे करताना अग्निशामक हाताशी, इंजिन गार, होजचं तोंड मापात खोल आणि प्लगच्या वायरींपासून लांब, आणि कोणी बिडी-सिगारेटवाला आजूबाजूला नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, ठिणगी पाच फुटांवर असली तरी पुरते.) मिनिटाला अर्धा लिटर धरला तरी तासाला तीस लिटर झाले, लागतात बारा. दोन्ही टेस्ट उत्तम मार्कांनी पास आणि गाडी चढावर नापास. मामा माझ्याकडे असा बघत होता की जणू गेज मीच बिघडवलंय.

दोन दिवस मी इथेच अडकलो होतो हे कबूल करतो. मग पंपाच्या आत काय होतं ते नीट आठवलं आणि डोक्यात उजेड पडला. कॅमशाफ्टचा उंचवटा लेव्हर ढकलतो, लेव्हर डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल शोषलं जातं, हा झाला शोषणाचा फेरा. वर ढकलायचं काम लेव्हर करत नाही, डायफ्रामखालची स्प्रिंग करते. बाउल भरून त्याच्या तोंडावरची झडप, निडल व्हॉल्व्ह, बंद झाला की डायफ्राम खालीच थांबतो आणि लेव्हर नुसती रिकामी हलत राहते. म्हणजे मी जे ०.२८ बार मोजलं ते फक्त त्या स्प्रिंगचं बळ होतं. पंपाच्या अलीकडे, टाकीपासून पंपापर्यंतच्या अडीच-तीन मीटरमधे काय चाललंय याबद्दल ते गेज एक अक्षर बोलत नाही. आणि व्हॉल्यूमची टेस्ट बोलली असती, पण ती मी गार गाडीवर, सपाट जमिनीवर, टाकी पाऊण भरलेली असताना घेतली होती.

मधे एक फालतू फेरा टाकीच्या झाकणाचा पण झाला. झाकणाचं भोक बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं, लक्षण डिट्टो हेच, आणि थांबलं की हवा हळूहळू शिरून गाडी चालू. झाकण उघडलं तर फुस्स असा आवाज पण आला आणि मी जाम खूश झालो. झाकण सैल ठेवून चढावर गेलो, त्याच वळणाला बसली. थोडा फुस्स बऱ्याच धडधाकट गाड्यांत पण येतो, तो ऐकून निदान करायचं नाही, झाकण सैल करून परत तीच चूक घडते का ते बघायचं.

आणि मग व्हेपर लॉक. हा मिस्त्रीचा लाडका सिद्धांत होता. पेट्रोल गरम होऊन लाइनमधेच उकळतं, वाफ झाली की पंप वाफच चावत बसतो. त्याने मामाला सांगितलेलं की बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटांत चालू होईल. आणि व्हायची! सहा महिने मामा डिकीत फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन फिरत होता. मी म्हटलं एकदा फडकं न टाकता दहा मिनिटं थांबून बघू. मामाला ते पटेना, "उगाच कशाला, टाकल्याने होतंय ना." शेवटी ऐकलं. फडकं न टाकता सात मिनिटांत चालू झाली. दुसऱ्यांदा फडकं टाकून आठ मिनिटं. फडक्याचा काही संबंधच नव्हता, काम थांबण्याने होत होतं. इतके दिवस फडक्याला श्रेय मिळत होतं कारण बिचाऱ्याशिवाय कोणी थांबूनच बघितलं नव्हतं.

आता खरी कामाची टेस्ट. व्हॅक्यूम गेज, टी लावून, पंपाच्या इनलेटला, म्हणजे शोषणाच्या बाजूला. गेजची नळी लांब घेतली आणि गेज काचेच्या बाहेरून वायपरखाली अडकवलं, आत घेतलं नाही, पेट्रोल असलेली नळी केबिनमधे कधीच घ्यायची नाही. मामा चालवायला, मी आकडे लिहायला. दुसऱ्या टीवर प्रेशर गेज पण शेजारी, म्हणजे दोन्ही एकाच वेळी दिसतील.

हे वाचायचं कसं ते आधी सांगतो. टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपासून पंप साधारण अर्धा मीटर उंच असेल तर तेवढं पेट्रोल वर उचलायलाच पाऱ्याचा जवळपास १ इंच व्हॅक्यूम लागतो, त्यावर पाइप-फिल्टरचं घर्षण. म्हणजे चालू गाडीला दीड-दोन इंच दिसलं तर सगळं आलबेल. गाडी उपाशी मरतेय आणि गेज शून्याजवळ पडलंय तर कुठेतरी लाइन हवा खातेय किंवा पंप शोषतच नाहीये. गाडी उपाशी मरतेय आणि गेज वर वर चाललंय तर पंप जीव तोडून ओढतोय आणि पलीकडे कोणीतरी नळी दाबून धरलीये. एवढ्या एका काट्याने तीन सिद्धांतांचा निकाल लागतो, आणि हे गेज सहसा धूळ खात पडलेलं असतं.

सपाटीवर १.५ इंच. वीस मिनिटांनी २. चढ सुरू झाला, ३, आणि मग बघता बघता ५, ७, काटा थरथरत ९ च्या वर गेला आणि शेजारच्या प्रेशरचा काटा ०.२८ वरून घसरत ०.०५ वर. गाडीने आचके दिले, बसली. बंद झाल्यावर व्हॅक्यूमचा काटा लगेच शून्यावर आला का? नाही. हळूहळू, पाच-सहा मिनिटं घेत खाली आला. आणि तो खाली आल्यावर सेल्फ मारला की गाडी चालू. तेवढा वेळ मामाच्या फडक्याचा.

चढावरच का, याचंही उत्तर यात आहे. एक तर पेट्रोल जास्त लागतं म्हणून ओढ जास्त. शिवाय गाडी नाकाने वर झाली की पंप टाकीपेक्षा अजून उंच जातो, दहा टक्क्यांच्या चढावर टाकी ते पंप अडीच मीटर अंतराला पाव मीटर, म्हणजे अजून अर्धा इंच पारा. टाकी अर्धी रिकामी असली तर अजून थोडा. हे सगळं धडधाकट लाइनला काहीच वाटत नाही, आजारी लाइनला तेवढंच निमित्त पुरतं.

आणि मिस्त्रीवर अन्याय नको, व्हेपर लॉक अजिबात होत नव्हता असं पण नाही. ९-१० इंच व्हॅक्यूम म्हणजे लाइनमधे दाब उरला ७० किलोपास्कलच्या जवळपास, बाहेर १०१. पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सियसला मोजतात आणि तो साधारण ५० ते ७० च्या मधे असतो. म्हणजे इंजिनाच्या धगीत चाळिशी पार केलेलं पेट्रोल त्या व्हॅक्यूमला उकळायची पुरेपूर शक्यता. फरक एवढाच की तो आजार नव्हता, आजाराने आलेला ताप होता. पारदर्शक फिल्टरमधे बुडबुडे दिसायचे म्हणून कोणीतरी "लाइन हवा घेतेय" असंही सांगून गेलेलं, तेही यामुळेच. हवा शिरत असेल तर बुडबुडे आयडललाही दिसतात, वाफेचे असतील तर जोर लावला की दिसतात आणि आयडलला गायब. मामाच्या गाडीला आयडलला एकही नव्हता.

आता राहिलं कुठे ते शोधणं. टी एकेक जोड मागे नेत गेलो. फिल्टर पंपाच्या आधी होता, त्याच्या टाकीकडच्या बाजूला लावून चढ, ९ इंच. म्हणजे फिल्टर निर्दोष, दोनदा उगाच बदलला. मग फ्लोअरखालच्या लोखंडी पाइपाच्या मागच्या टोकाला, रबरी जोडाच्या अलीकडे, पुन्हा चढ, ८ च्या वर. मग टाकीच्या तोंडाला. इथे मी आधीच मनात ठरवून टाकलेलं की टाकीत गंज आहे आणि पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या जाळीला गाळ चिकटतोय, कारण तेही असंच करतं, ओढ वाढली की गाळ जाळीवर, थांबलं की गळून खाली. पस्तीस वर्षांची टाकी म्हटल्यावर पैज लावायला हरकत नव्हती. चढावर गेलो आणि टाकीच्या तोंडाला काटा १ इंचाला पण पोचला नाही, गाडी मात्र ठरल्याप्रमाणे बसली. पैज हरलो. टाकी उतरवायची मेहनत वाचली हा त्यातला फायदा, ती उतरवायची सगळी तयारी मी करून ठेवली होती.

म्हणजे टाकीचं तोंड आणि लोखंडी पाइप यांच्या मधे, बोटभर लांबीचा एक रबरी जोड, मागच्या अॅक्सलच्या वर, सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर अंतरावर. बाहेरून कापडी विणीचा, ना तडा, ना ओल, ना पेट्रोलचा वास. मिस्त्रीने तो बघितलेला होता आणि "चांगला आहे" म्हणून सोडलेला. दोष देण्यात अर्थ नाही, मीही पहिल्या दिवशी टॉर्च मारून तेच म्हटलं होतं.

कापून उभा चिरला. आतला रबराचा थर फुगून, मऊ होऊन बाहेरच्या थरापासून सुटला होता आणि त्याची एक जीभ तयार झाली होती, करंगळीच्या पेराएवढी, टाकीकडच्या बाजूने चिकटलेली आणि पंपाकडे तोंड करून लोंबणारी. पेट्रोल सावकाश वाहत असेल तर ती जीभ भिंतीला टेकून पडायची. ओढ वाढली की प्रवाहात उभी राहून पुढच्या लोखंडी पाइपाच्या तोंडावर जाऊन बसायची, आणि एकदा बसली की पंप जितका जोरात ओढेल तितकी घट्ट. सायलेन्सरच्या धगीने रबर नरम पडलं की अजून सोपं, म्हणून पहिली वीस मिनिटं बरी. थांबलं की कडेने झिरपून दोन्हीकडचा दाब सारखा व्हायचा आणि जीभ खाली पडायची.

आता नव्या पंपाचं कोडं. जुना पंप दमलेला, त्याची ओढ कमी, जीभ उशिरा उठायची. नवा पंप ताजातवाना, त्याने चढाच्या सुरुवातीलाच जीभ उचलली. पार्ट बदलल्यावर दोष वाढला म्हणजे पार्ट डुप्लिकेट, असं आम्ही मानलं, खरं तर तो पार्ट चांगला असल्याचा पुरावा होता आणि दोष त्याच्या अलीकडे आहे हे ओरडून सांगत होता.

अजून एक गंमत. मिस्त्रीने लाइन साफ आहे की नाही हे बघायला पंपाकडून कॉम्प्रेसरची हवा मारली होती, टाकीत गुडगुड आवाज आला, लाइन क्लिअर. पण हवा मारली ती पंपाकडून टाकीकडे, म्हणजे पेट्रोल जातं त्याच्या उलट. उलट्या दिशेने आलेल्या हवेने ती जीभ भिंतीला चपटी करून टाकली आणि रस्ता मोकळा. शोषणाच्या लाइनची परीक्षा शोषूनच घ्यायची, हातपंपाने ओढा, किंवा गेज लावून चालवा, फुंकून काहीच कळत नाही. शिवाय फुंकताना टाकीचं झाकण काढायचं राहिलं तर टाकीचा फुगा होतो तो वेगळा.

रबर का सुटलं याबद्दल. जुन्या गाड्यांच्या होज साध्या नायट्राइल रबराच्या, आणि त्या काळच्या पेट्रोलला त्या पुरायच्या. आता पेट्रोलमधे इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, फुगतं, मऊ पडतं, वाळलं की कडक होतं आणि आतून सालं निघतात. वय तर आहेच. त्यामुळे नवी होज घेताना अंगावरचा छाप वाचून घेतली. एसएई जे३० या होजच्या अमेरिकन मानकातला आर७ हा कार्बोरेटरच्या कमी दाबाच्या लाइनचा नेहमीचा दर्जा, आर९ ला आतून फ्लोरोइलॅस्टोमरचा थर असतो जो इथेनॉलला टिकतो. आर९ टाकली, आणि फक्त तो एक जोड नाही तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचं सगळं रबर एकाच दिवशी, कारण एकाच वयाची भावंडं ती, एकाचं हे झालं तर बाकीच्यांचं फार लांब नाही. क्लिप पण बदलल्या, रबरात रुतणाऱ्या खाचांच्या पट्टीच्या क्लिप काढून गुळगुळीत कडेच्या टाकल्या. लोखंडी पाइपाच्या टोकाला उंचवटा आहे ना ते बघितलं आणि होज त्याच्या पुढपर्यंत सरकवली. हिटरची होज, पाण्याची होज, पारदर्शक प्लास्टिकची नळी यातलं काहीही कायमचं पेट्रोलला वापरू नका, दिसायला तीच वाटते आणि काही महिन्यांत कडक होऊन सुटते.

मधल्या काळात एका ओळखीच्या माणसाने मामाला इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्ला दिला होता, टाकीजवळ लावा, मागून ढकलेल, कटकट मिटेल. मिटली असती पण कदाचित, म्हणूनच तो सल्ला जास्त धोक्याचा. शोषणाच्या बाजूची जीर्ण होज हवा खाते, दाबाच्या बाजूची जीर्ण होज पेट्रोल फवारते, आणि ही होज सायलेन्सरपासून वीतभरावर होती. त्यात कोणी फ्युएल इंजेक्शनचा पंप लावला तर तो तीन बारच्या आसपास दाब देतो, फ्लोटची बिचारी निडल ०.३ साठी बनलेली, कार्बोरेटर उतू जाणार.

होज बदलून परत चढ. सपाटीला १.५, चढावर २, जोर लावल्यावर २.५ आणि काटा तिथेच. प्रेशर ०.२५ च्या खाली नाही. मामाने मुद्दाम तीनदा चढवली, टाकी पाव भरलेली असताना आणि दुपारच्या उन्हात पण, आणि दर वेळी त्या वळणाला त्याचा हात आपोआप चोकच्या नॉबकडे जात होता. चौथ्यांदा मी म्हटलं मामा, हात स्टिअरिंगवर.

एक तक्रार उरली आहे. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की पहिल्या स्टार्टला आठ-दहा सेकंद सेल्फ मारायला लागतो. व्हॅक्यूम-प्रेशर सगळं बघितलं, ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास नाही म्हणजे डायफ्राम फाटलेला नाही, थेंब कुठे गळत नाही. बाउल हवेला उघडा असतो, त्यातलं पेट्रोल उडून जातं आणि लाइनमधलं थोडं मागे उतरतं, तेवढं परत भरेपर्यंत क्रँक करावं लागणार. त्यासाठी काही बदललं नाही.

दोन्ही टी मी पंधरा दिवसांनी काढून टाकल्या, कारण शोषणाच्या बाजूला जितके जोड कमी तितक्या हवा शिरायच्या जागा कमी. फडकं आणि बाटली डिकीतून निघाली. चिरलेला होजचा तुकडा मात्र मामाने ग्लोव्हबॉक्समधे ठेवलाय, मिस्त्रीला दाखवायला.